ठेचेचा ठणका उशिरा का येतो?

अनवाणी चालताना उंबरठ्यावर करंगळी आपटली, तर आधी कळतं ते फक्त काहीतरी लागल्याचं. लगोलग एक तीव्र कळ उठते. मग क्षणभराने ठणका सुरू होतो आणि बराच वेळ हटत नाही. मार एकच, पण मेंदूला त्याची खबर तीनदा पोचते.

कारण या तिन्ही खबरा वेगवेगळ्या तंतूंवरून जातात. स्पर्शाचे तंतू जाड असतात, त्यांच्याभोवती मायलिनचं चरबीयुक्त वेष्टन असतं. त्यांचा वेग सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर. तीव्र कळ नेणारे तंतू बारीक आणि पातळ वेष्टनाचे, वेग 5 ते 30 मीटर. ठणक्याचे तंतू सर्वांत बारीक. त्यांना मायलिनच नसतं आणि सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्याच वेगाने, ते संदेश नेतात. पावलापासून कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतर एक मीटर धरा. स्पर्श ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कापतो, ठणक्याला अख्खा सेकंदही लागू शकतो.

हा वेग कधी मोजता येईल, असं योहानेस म्युलर या थोर शरीरशास्त्रज्ञाला वाटत नव्हतं. त्याचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ याने 1850 च्या सुमारास तो मोजला. बेडकाच्या पायाच्या नसेला त्याने एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांब विजेचा झटका दिला, आणि स्नायू आखडायला किती जास्त वेळ लागतो ते पाहिलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे 27 मीटर. इतका साधा, इतका नेमका प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो.

तंतूंमधून धावणारे विद्युतस्पंद मात्र सगळीकडे एकाच जातीचे असतात. मार जोराचा असेल तर स्पंद मोठे होत नाहीत, अधिक दाटीने येतात. संवेदना कोणती, हे मेंदू ठरवतो ते स्पंद कोणत्या तंतूवरून आले त्यावरून. मिटलेल्या डोळ्याच्या कडेला हलकेच दाब दिला तर अंधारातही उजेडाचा ठिपका दिसतो, तो याचमुळे. पुढच्या वाटाही वेगळ्या आहेत. वेदनेचा मार्ग मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात दुसऱ्या बाजूला जातो, तर स्पर्शाचा त्याच बाजूने मेंदूच्या देठापर्यंत चढून तिथे बाजू बदलतो. पुढे दोन्ही थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यपटलात पोचतात.

ही यंत्रणा गप्प झाली तर काय होतं, ते कुष्ठरोगात दिसतं. या रोगाचे जंतू नसांतल्या तंतूंना लपेटणाऱ्या श्वान (Schwann) पेशींमध्येच घर करतात. चट्टा बधिर होतो, गरम-गार कळेनासं होतं, वेदना जाते. या रोगाने बोटं आपोआप झडतात, असा समज पिढ्यान् पिढ्या होता आणि त्या समजापायी माणसं घराबाहेर काढली गेली. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं झिजतात ती बहुतांशी न जाणवलेल्या भाजण्या-कापण्यामुळे आणि चिघळलेल्या जखमांमुळे. औषधांनी जंतू मरतात, पण मेलेली नस बहुधा परत येत नाही. म्हणून अशा रुग्णांना मऊ रबराच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला देतात, आणि रोज रात्री पाय धुऊन तळवे डोळ्यांनी तपासायला शिकवतात: फोड, काटा, लाली, भेग.