मचूळ पाण्यात रेणूंचा पिंजरा

‘प्रकाश टाका, पाण्यातलं विष लगेच कळेल’ असे दावे रेणूपिंजऱ्यांबद्दल, म्हणजे दुसरा रेणू आत मावेल अशा पोकळ रेणूंबद्दल, वाचायला मिळतात. शुद्ध पाण्यात ते खरेही ठरतील. पण दाभोळच्या खाडीत भरती शिरली की गणित बदलतं.

जपानी रसायनशास्त्रज्ञ माकोतो फुजितांनी 1995 मध्ये सहा पॅलेडियम अणू आणि चार सपाट रेणू यांचा पोकळ पिंजरा जुळवला. सुंदर रचना! पण तिचे सांधे पॅलेडियम आणि नायट्रोजनमधले, आणि समुद्राच्या लीटरभर पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड. ते नायट्रोजनला हुसकावून पॅलेडियमला चिकटतं आणि सांधे निखळतात. खाडीसाठी धातूविना, निव्वळ कार्बन-नायट्रोजन सांध्यांचा पिंजरा बरा.

ट्रायफिनाइलअमाइन या तीन फाट्यांच्या, प्रत्येक टोकाला अल्डिहाइड गट असलेल्या सेंद्रिय संयुगाचे दोन रेणू म्हणजे तळ आणि छप्पर. दोन अमाइन टोकांचे तीन रेणू म्हणजे खांब. अल्डिहाइड आणि अमाइन यांच्यात सहा इमाइन बंध (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) जुळतात, पाण्याचे सहा रेणू सुटतात. हा बंध तुटतो-जुळतो, म्हणून चुकलेली जोडणी सुधारते. मात्र द्रावण विरळ हवं, मिलीमोलर (लीटरमागे मोलचा हजारावा भाग), आणि अमाइन थेंबाथेंबाने काही तास घालायचं. घाई केली की तळाशी पॉलिमरचा गाळ! पाण्यात हा बंध पुन्हा सुटेल, म्हणून सोडियम बोरोहायड्राइडने त्याला हायड्रोजन जोडून तो न सुटणारा एकेरी बंध करतात. हिशेबाने एक मोल पिंजऱ्यामागे त्याचा दीड मोल पुरतो, पण काही द्रावक म्हणून घेतलेल्या मिथेनॉलशी लढण्यात जातं, तेव्हा जास्त घ्यावं, तेही थोडंथोडं. हायड्रोजन सुटतो, भांड्याला बूच लावू नये.

हा पिंजरा अतिनील प्रकाशात उजळतो. पिक्रिक आम्लासारखा इलेक्ट्रॉनचा भुकेला रेणू जवळ आला की उत्तेजित भिंतीचा इलेक्ट्रॉन तिकडे जातो आणि उजेड मंदावतो.

फसगत इथेच होते. पिक्रिक आम्ल पाण्यात ऋणभारित पिक्रेट होतं आणि ते पिवळं असतं. दिव्याचा अतिनील प्रकाश पिंजऱ्यापर्यंत पोचण्याआधी तेच गिळतं. पिंजऱ्यात कोणी शिरलेलं नसतं, उजेड मात्र निम्मा! म्हणून आधी क्युव्हेटमधलं (मापनाच्या छोट्या पारदर्शक पात्रातलं) शोषण मोजायचं: दिव्याच्या आणि प्रतिदीप्तीच्या, म्हणजे पिंजऱ्याने परत सोडलेल्या उजेडाच्या, दोन्ही तरंगलांबींवर. दोहोंची बेरीज 0.6 असेल तर मोजलेला उजेड 10 च्या 0.3 घाताने, म्हणजे सुमारे दुपटीने वाढवून वाचायचा. बेरीज 0.1 च्या खाली ठेवता आली तर उत्तम. नुसत्या प्रतिदीप्ती-आयुर्मानावर, म्हणजे उत्तेजित पिंजरा किती वेळ उजळतो त्यावर, विसंबू नये. पिक्रेट आधीपासूनच भिंतीला बिलगलेलं असेल तर आयुर्मान बदलत नाही. पिंजऱ्याचा सुटा हात, म्हणजे पोकळी नसलेला एकटा तुकडा, घेऊन तोच प्रयोग करावा. उजेड तितकाच घटला, तर पोकळीचा काही उपयोग झालेला नाही. खाडीतला कुजका पालापाचोळाही अतिनील प्रकाशात निळसर उजळतो. त्या पाण्याचं कोरं, म्हणजे पिंजरा न घालता केलेलं, मापन वजा केलंच पाहिजे.

हिवाळ्यात किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटा हा वेगळा प्रकार. ना चमत्कार, ना फॉस्फरस. ते नॉक्टिल्युका हे सूक्ष्म जीव. त्यांना दिवा लागत नाही, प्रकाश त्यांच्या शरीरातल्या रासायनिक अभिक्रियेतून येतो.

पिंजरा पाण्यात विरघळावा म्हणून भिंतींवर ऋणभारित सल्फोनेट गट लावता येतात, पण त्यांचा ऋणभार पिक्रेटला दूर लोटतो. प्रकाश-उत्प्रेरणासाठी, म्हणजे पिंजऱ्यात प्रकाशाने प्रदूषक मोडण्यासाठी, तर आणखी एक अडचण: तयार झालेला पदार्थच पोकळीत अडकून बसला की पुढचा रेणू आत येत नाही. दिवा बंद ठेवूनही प्रदूषक घटलं, तर ते मोडलेलं नाही, पिंजऱ्याला नुसतं चिकटलेलं आहे.