वूफर आणि ॲम्प्लिफायरची जुळवणी

मोटारीत खर्ज वाजवणारा सबवूफर आणि त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर यांचे ओहम व वॉट एकमेकांना झेपतील असे ठेवणे म्हणजे जुळवणी. उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाला वूफरची कॉइल (आतले तारेचे वेटोळे) जो एकूण विरोध करते त्याला संरोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. संरोध हा शब्द पुस्तकातला. लातूर-नांदेडकडच्या दुकानात ‘हा चारचा’, ‘हा दोनचा’ एवढ्यावर काम भागते आणि सबवूफरही नुसता वूफरच असतो. गिऱ्हाईक मात्र ओहम विचारत नाही, वॉट विचारते. जळालेल्या कॉइलींची कहाणी बहुधा तिथूनच सुरू होते.

ॲम्प्लिफायर व्होल्टेज पुरवतो. प्रवाह किती ओढायचा ते कॉइल ठरवते. ओहम निम्मे झाले की प्रवाह दुप्पट, म्हणून कागदावर वॉटही दुप्पट. प्रत्यक्षात ४ ओहमला ३०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर २ ओहमला ६०० गाठतोच असे नाही, ५०० वरही अडतो. त्याखाली, १ ओहमवर चालायला तो बनवलेलाच नसेल, तर प्रोटेक्शनचा दिवा लागून बंद पडतो, नाहीतर आतले मॉस्फेट, म्हणजे ताकद पुरवणारे ट्रान्झिस्टर, उडतात. माहितीपत्रकात किमान किती ओहम चालतो हे आधी पाहावे, वॉट नंतर.

गणपतीत मखराला लावायच्या दिव्यांच्या माळेला आपल्याकडे सिरीजच म्हणतात. वूफरची सिरीज जोडणी तशीच: एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, आणि ओहमची बेरीज. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडले की पॅरलल. सारख्या दोन कॉइलींचे ओहम निम्मे होतात. ४ ओहमचे दोन साधे वूफर पॅरललमध्ये २ होतात, सिरीजमध्ये ८. गोंधळ होतो तो दुहेरी कॉइलच्या वूफरमध्ये. ‘४+४’ लिहिलेल्या एका वूफरचे २ किंवा ८ ओहम करता येतात, ४ कधीच नाही. असे दोन घेतले, तर चारही कॉइली पॅरलल जोडून १ ओहम होतो किंवा प्रत्येकाच्या कॉइली आधी सिरीज करून मग दोन्ही वूफर पॅरलल केले की ४. सर्व कॉइली वापरून २ काही जमत नाही. दोन वूफर मिळून २ ओहमच हवे असतील तर ‘२+२’चे घ्यावे लागतात, आणि हे बहुतेकांना वूफर बसवायचा डबा तयार झाल्यावर कळते. ॲम्प्लिफायरचे दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे एकाच वूफरला मिळून जोडले, तर प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात, हेही विसरू नये.

खोक्यावरचे ‘२००० वॉट’ क्षणभराचे असतात, कधी निव्वळ छपाईचे. धरायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग झेपणारा. तो छापलेला नसेल तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज बघावा. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर १४.४ व्होल्टला सलग ४३२ वॉटच आत जातात. डी क्लासची, म्हणजे प्रवाह झपाझप चालू-बंद करत चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर ३४५ च्या आसपास. दोन हजार येणार कुठून?

दुसरा रुजलेला समज असा की वूफर २५० आरएमएसचा आणि ॲम्प्लिफायर २०० चा, मग कॉइलला धोका नाही. गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरने किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी, शेवटपर्यंत फिरवला की तरंगांचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि तोच २०० वॉटचा ॲम्प्लिफायर पार चौकोनी तरंगावर ४०० वॉटपर्यंत ऊर्जा कॉइलमध्ये ओततो. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. वूफर सोडवून, डेकचा (गाणी लावायच्या यंत्राचा) आवाज पाऊण ठेवून ५० हर्ट्‌झचा सूर वाजवावा आणि ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी एसी व्होल्ट मोजावेत. वॉट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ: ३०० वॉट आणि ४ ओहमला ३४.६ व्होल्ट. तिथे गेन थांबवायचा.

बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवरही असा प्लायवुडचा डबा बांधलेला दिसतो. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांग लागली की इंजिन बंद, गाणी चालू, आणि पहाटे बॅटरी उतरलेली. इंजिन संथ चालू ठेवले तरी अल्टरनेटर पूर्ण प्रवाह देत नाही. व्होल्ट पडतात आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज, जाड तांब्याची वायर आणि रंग खरवडून उघड्या लोखंडाला आवळलेला मायनस, यांत काटकसर नको. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीत कमी प्रवाह वाहते.

मल्टिमीटर थंड असलेल्या ४ ओहमच्या कॉइलला साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो, कारण तो एकदिश प्रवाहाचा रोधच मोजतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. मे महिन्यात परभणीत पारा ४३ अंशांच्या वर गेलेला असताना बंद डिकीतला वूफर वाजण्याआधीच तापलेला असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ३.४ ओहम भरलेली कॉइल वाजून वाजून २०० अंशांवर गेली की ५.८ च्या जवळ पोचते. तेव्हा ती कमी वॉट ओढते, बेस दबतो. वाजवणाऱ्याला वाटते ॲम्प्लिफायर कमी पडला, आणि तो गेन अजून थोडा फिरवतो.