आधी जोडणी, मग केस : एक्स्टेन्शनची पार्श्वभूमी

आजीच्या पिढीतल्या बायका विंचरताना निघालेला गुंतवळ फेकत नसत. तो साठवायचा आणि पुरेसा जमला की त्याचं गंगावन करून घ्यायचं. वेणीच्या पेडांत ते गुंफलं जाई, भार सगळ्या वेणीवर विभागला जाई आणि रात्री वेणी सोडली की गंगावन खुंटीवर. गुंतवळातले केस उलटसुलट असतात, कुणाचं मूळ वर तर कुणाचं टोक. पण जोडणी रोज सुटणारी असल्यामुळे ते चालून जाई. आज पार्लरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे जोडकेस, घेताना मात्र आधी केसांचा रंग आणि लांबी पसंत होते, ते डोक्याला कसे लावणार हा प्रश्न नंतर येतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो, कारण प्रत्येक जोडणी मुळात एका विशिष्ट केसासाठी जन्माला आली आहे.

केसांत केस जोडण्याची कला फार जुनी. इजिप्तमधल्या अमार्ना इथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका स्त्रीच्या डोक्यावर जवळपास ७० जोडकेस थरांनी बसवलेले सापडले. प्राचीन इजिप्तमधल्या केसांच्या टोपांमध्ये (विगमध्ये) मेण आणि राळ यांचं मिश्रण वापरत. गरम असताना मऊ, गार झालं की घट्ट. आजची केराटिनची जोडणी, म्हणजे केराटिन या प्रथिनाचा डिंक गरम करून जोडकेस चिकटवणं, याच तत्त्वावर चालते.

शिवून बसवण्याच्या पद्धतीमागे क्रिस्टिना जेंकिन्स ही आफ्रिकन-अमेरिकन स्त्री आहे. टोप डोक्यावरून सरकतो, त्यावर उपाय शोधताना तिने स्वतःच्या केसांचा दोऱ्यासह विणलेला पाया करून त्यावर केसांची पट्टी शिवली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला पेटंट मिळालं. ही पद्धत दाट, कुरळ्या केसांवर वाढली, कारण तिथे घट्ट वेणी जागची हलत नाही. आपल्याकडच्या सरळ, बारीक केसांत तोच पाया घसरतो, मग तो आणखी आवळला जातो आणि मुळं ताणली जाऊन कपाळाकडचे केस विरळ होतात. शिवणीसाठी पट्टी लागते, तीही विचारून घ्यावी : मशीनवर शिवलेली पट्टी हवी तिथे कापता येते, हाताने गाठवलेली पातळ आणि सुबक असते, पण कापली की उसवते.

जपानमधून आलेल्या कानेकालॉनसारख्या कृत्रिम धाग्याने वेण्या स्वस्त आणि हलक्या केल्या. त्याची जागा वेण्यांतच. गरम जोडणी किंवा स्ट्रेटनर त्याच्या जवळ आणला की धागा आक्रसतो.

१९९० च्या दशकात केराटिनच्या जोडणीचा प्रसार झाला आणि चांगल्या केसांची मागणी तिरुपतीच्या तिरुमला देवस्थानापर्यंत पोहोचली. तिथे नवस फेडताना भाविक मुंडण करतात. डोक्यावरून एकत्र उतरलेले हे केस एकाच दिशेत राखले की सगळ्यांच्या मुळांकडचा भाग एका बाजूला राहतो, म्हणून केसांवरचे सूक्ष्म खवलेही एकाच दिशेचे. यालाच रेमी म्हणतात. गुंतवळातले केस मात्र एकमेकांत अडकतात, म्हणून अॅसिडने खवले काढून वर सिलिकॉनचा लेप देतात. दुकानात ते रेशमासारखे लागतात, काही धुण्यांत लेप गेला की गुंता होतो. केराटिनची जोडणी तीन-चार महिने डोक्यावर राहते, तेव्हा इथे रेमीशिवाय दुसरं काही घेऊ नये. क्लिपचे केस रात्री काढून ठेवायचे असतात, तिथे साधा माल चालतो.

टेपची पट्टी बारीक केसांना सगळ्यांत मानवते. दोन पातळ पट्ट्यांमध्ये आपली बट सँडविचसारखी दाबली जाते आणि भार पसरतो. अडचण एकच आणि ती आपल्याच घरातली : खोबरेल तेल. मुळाशी तेल मुरलं की टेपचा डिंक सुटतो. रविवारची तेलमालीश सोडवत नसेल, तर टेप लावण्याआधी पार्लरमध्ये हे स्पष्ट सांगा.