नागपूरचा पारा आणि घामाचा हिशेब

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला की नागपूरकर सुस्कारा सोडतात. दोन-तीन सरी कोसळतात, पारा 45 वरून 36 वर उतरतो, आणि नेमका त्याच आठवड्यात घरचा कूलर कुचकामी ठरतो. कूलरचा टुल्लू पंप चालू, वाळ्याच्या ताट्या चिंब, पंखा गरगर फिरतोय, तरी अंगाची चिकचिक काही जात नाही. कूलर आणि आपली त्वचा एकाच तत्त्वावर चालतात. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते; हवाच दमट असेल तर वाफ व्हायला जागा उरत नाही. मग कूलर नुसता ओलावा फेकतो आणि घाम नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने थंडावा मिळत नाही. गेले ते पाणी आणि मीठ.

हे सगळे ठाऊक असूनही उन्हाळ्याचे इशारे कमाल तापमानाच्या एकाच आकड्यावर का बेतले गेले, हा प्रश्न जुना आहे.

आयुर्वेदाने स्वेदाला मेदाचा मल मानले. सतराव्या शतकात इटलीतल्या एका वैद्याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून आपले वजन वर्षानुवर्षे मोजले आणि न दिसणाऱ्या घामातून किती वजन जाते याचा हिशेब मांडला. 1775 मध्ये लंडनचे काही हौशी वैज्ञानिक 120 अंश सेल्सिअसहून तापलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे राहून आले. खोलीतली अंडी कडक झाली, मांस शिजले. माणसे धडधाकट बाहेर आली. घाम शरीर थंड ठेवतो, याचा इतका ठसठशीत पुरावा मिळूनही ‘घामावाटे विष निघते’ ही समजूत आजही व्यायामशाळेत आणि वाफेच्या खोलीत जोमात आहे. घामात जवळजवळ 99 टक्के पाणी असते. उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडा युरिया, थोडे लॅक्टेट. रक्त गाळण्याचे खरे काम मूत्रपिंडांचे आणि यकृताचे. घामातले काही प्रथिनांश त्वचेवरच्या जंतूंना आवर घालतात हे 2001 मध्ये दिसले, पण तो जोडधंदा झाला.

खरी कलाटणी खाणींनी दिली. 1905 मध्ये एका ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की खोल खाणीत कामगार टिकेल की नाही हे साध्या तापमापीवरून कळत नाही. बुडाला ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीवरचा आकडा, म्हणजे आर्द्र तापमान, स्थिर हवेत साधारण 31 अंशांपुढे गेले की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी प्रशिक्षण तळावर नवे जवान उष्माघाताने पडू लागले, तेव्हा तिथे एक मिश्र निर्देशांक तयार झाला. त्यात आर्द्र तापमानाला 70 टक्के वजन, काळ्या गोळ्याने मोजलेल्या उन्हाच्या झळीला 20 टक्के, आणि ज्याची बातमी होते त्या साध्या तापमानाला उरलेले 10 टक्के. कारखाने, सैन्य आणि क्रीडासंघटनांनी हा हिशेब उचलला. आपल्या हवामानाच्या रोजच्या पत्रकापर्यंत तो पोहोचलाच नाही.

आपल्याकडची उष्णतेच्या लाटेची व्याख्या इथेच अडखळते. मैदानी भागासाठी नियम असा: कमाल तापमान निदान 40 हवे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवे, किंवा पारा सरळ 45 ला पोहोचायला हवा. वर अट अशी की एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडावे. घोषणा दुसऱ्या दिवशी. आता नागपूर घ्या. मे महिन्यात इथले सरासरी कमाल तापमानच 42 च्या पुढे असते. सरासरीहून साडेचार अंश जास्त म्हणजे जवळजवळ 47, म्हणून ती अट इथे नावापुरतीच. उरला 45 चा उंबरठा. 44.6 अंशांत शहर भाजून निघाले तरी कागदावर लाट नाही. उलट जूनच्या उत्तरार्धात पारा 40 च्या खाली गेला की व्याख्या दप्तर बांधून मोकळी होते, मग हवेत ओलावा कितीही असो.

सरासरीपासूनचा फरक मोजण्यामागे तर्क होता, हे खरे. माणसे आपापल्या गावाच्या उन्हाला सरावतात, त्यामुळे शिमल्याला आणि चंद्रपूरला एकच फूटपट्टी लावता येत नाही. पण सराव घामाचा होतो आणि मोजला जातो पारा. मेच्या दुपारी 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर आर्द्र तापमान 23-24 च्या घरात भरते. जूनमध्ये 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेला तेच 29 होते. सरकारी दृष्टीने पहिला दिवस लाटेचा, दुसरा सुखाचा.

म्हणून कमाल तापमान सोडून आर्द्र तापमानच धरा, असा सल्ला अलीकडे दिला जातो. तोही नागपूरला पुरता लागू पडत नाही. 2010 मध्ये काही संशोधकांनी 35 अंश आर्द्र तापमान ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा म्हणून मांडली, आणि तो आकडा जगभर पाठ झाला. 2022 मध्ये तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा सीमा बरीच खाली निघाली: दमट हवेत 30-31, आणि अतिशय तप्त कोरड्या हवेत 25 ते 28. कारण हवा त्वचेपेक्षा गरम असली की ती उलट अंगात उष्णता भरते. ती सगळी बाहेर काढायची तर फक्त घामावर, आणि घामग्रंथींची क्षमता तासाला एक-दीड लिटरच्या आसपास थकते. जूनमध्ये घाम असतो पण वाळत नाही; मेमध्ये येताक्षणी वाळतो आणि पुरत नाही. मेमधला धोका जास्त फसवा, कारण कपडे कोरडे राहतात आणि आपल्याला घामच येत नाही असे माणसाला वाटते. पाठीवर मिठाचे पांढरे चट्टे दिसतात तेव्हा कळते.

उन्हाळ्यापासून बचावाचे शहरी आराखडे अहमदाबादेत मे 2010 मध्ये उष्णतेने झालेल्या मृत्यूंनंतर आले. तिथला आराखडा 2013 चा. नागपूरचा त्यानंतर काही वर्षांनी. उद्याने दुपारी उघडी ठेवणे, चौकाचौकांत हिरव्या जाळ्या, दुपारी सिग्नल बंद, पाणपोया, दवाखान्यांत वेगळ्या खाटा: उपयोगाची कामे आहेत, आणि त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. पण आकड्याचे वेड सुटलेले नाही. 23 मे 2013 च्या 47.9 ची आठवण इथे जवळजवळ अभिमानाने काढली जाते. मे 2024 अखेर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, तेव्हा तर देशभर गहजब झाला. संवेदक बिघडल्याचा खुलासा मागाहून आला. सिमेंटचे रस्ते रात्री किती तापलेले राहतात, याची बातमी व्हायला कोणते यंत्र बिघडावे लागेल?

सरावाचा मुद्दा आराखड्यांत फार त्रोटक येतो. उन्हाला रुळायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि कमी खारट असतो, कारण ग्रंथी मीठ परत ओढून घ्यायला शिकतात. त्यामुळे मार्च-एप्रिलचा पहिला चटका, किंवा थंड गावाहून येऊन दुसऱ्याच दिवशी बांधकामावर उभे राहणे, हे मुरलेल्या मेपेक्षा घातक ठरू शकते. म्हातारपणी ग्रंथींचे काम मंदावते. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधे घामच रोखतात. अशा माणसाला नुसते ‘भरपूर पाणी प्या’ सांगून भागत नाही; त्याला सावली, वारा आणि अंगावर ओले कापड हवे.

एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानावरच्या सरकारी सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी दहाहून अधिक जण दगावले. पारा 40 ला शिवलाही नव्हता. त्याच महिन्यात तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा निर्देशांक देशात प्रायोगिक नकाशांवर दिसू लागला. उशिरा का होईना, घामाची दखल घेतली गेली. मात्र या निर्देशांकाचे मूळ गणित सावलीतल्या माणसासाठी आहे. थेट उन्हात जाणवणारी उष्णता त्याहून आठेक अंशांपर्यंत जास्त भरू शकते, आणि स्लॅब टाकणारा मजूर सावलीत काम करत नाही.