कॅसिनो होस्टला टिप: प्रश्नामागचा इतिहास

लास वेगासच्या कॅसिनोत टिप कुणाला द्यायची, याबद्दल फारसा गोंधळ नसतो. पेय आणून देणारी वेट्रेस, सामान खोलीत पोचवणारा, गाडी लावून परत आणून देणारा, पत्ते वाटणारा डीलर, या सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं हे तिथे जाणाऱ्याला ठाऊक असतं. घोडं अडतं ते होस्टपाशी, म्हणजे मोठ्या खेळाडूंची खातिरदारी करणाऱ्या कॅसिनोच्या माणसापाशी: त्याला टिप द्यावी का? हा माणूस खोली मिळवून देतो आणि तिचं भाडं लागत नाही. जेवणाचं बिल तो परस्पर मिटवतो, कार्यक्रमाची तिकिटं देतो, विमानतळावर गाडी पाठवतो. सगळ्यात जास्त सेवा त्याचीच, तरी तो टिपेची वाट पाहत नाही आणि दिलीच तर बरेचदा नम्रपणे परत करतो. देणाऱ्याला चुकल्यासारखं होतं. चूक त्याची नसते. होस्टची जागा या धंद्यात ज्या वाटेने तयार झाली, त्या वाटेवरच हा पेच पडलेला आहे.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने १९३१ साली जुगार कायदेशीर केला, तेव्हा होस्ट नावाचं पद नव्हतं. १९४१ मध्ये एल रांचो वेगास उघडलं, १९४६ च्या डिसेंबरात फ्लेमिंगो, आणि मग एकेक करत वाळवंटातला तो हमरस्ता भरत गेला. या जुन्या कॅसिनोंत मोठ्या खेळाडूची खातिरदारी मालक, भागीदार किंवा पाळीचा प्रमुख स्वतः करत असे. टेबलांच्या एका गटावर देखरेख करणाऱ्या पिट बॉसकडेही तो अधिकार असे. फुकट खोली, जेवण, दारू यांना तिथे ‘कॉम्प’ म्हणतात. ती लिहून देण्याचा हक्क ज्याच्याकडे, त्याच्याकडे ‘पेन्सिल आहे’ असं म्हणत. किती द्यायचं हे डोळ्यांनी ठरे: माणूस पैशांच्या जागी केवढ्या चिप्स लावतोय, किती वेळ बसलाय, पुन्हा येईल का. कागदावर फार काही नसायचं. त्या काळातल्या अनेक कॅसिनोंचे खरे मालक शिकागो, क्लीव्हलँड, कॅन्सस सिटीतल्या टोळ्यांशी बांधलेले होते, आणि कागदावर फार काही नसणं त्यांच्या सोयीचंच होतं.

अशा व्यवस्थेत रोख पैसा सगळीकडे फिरतो. सर्वांत उघड ठिकाण म्हणजे कार्यक्रमाचं सभागृह. जागा क्रमांकाने ठरलेल्या नसायच्या. दाराशी उभ्या असलेल्या मुख्य व्यवस्थापकाशी हात मिळवताना त्यात घडी घातलेली नोट असेल तर मंचाजवळचं टेबल, नसेल तर खांबामागचं. पुढे क्रमांकाची तिकिटं आली आणि ही प्रथा मावळली. पण ‘वेगासमध्ये काही हवं असेल तर हात ओले करावे लागतात’ ही समजूत तिथून पसरली आणि अजून गेलेली नाही. होस्टला टिप द्यावी का, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तेच जुनं वेगास असतं.

पेन्सिलवाल्याला नोट देणं मात्र वेगळ्या जातीचं होतं. वेट्रेस तिचे श्रम विकते. पिट बॉस जे देतो ते कॅसिनोचं असतं. शंभर डॉलरचं जेवण कुणाला तरी फुकट लिहून द्यायचं आणि त्याच्याकडून वीस डॉलर आपल्या खिशात घालायचे, हे सरळसरळ हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं. मालक रोज समोर वावरत होता तोवर त्याच्या नजरेचा धाक पुरेसा होता. धंदा वाढला तसा तो पुरेनासा झाला.

१९६० च्या दशकात जंकेटचा, म्हणजे खेळाडूंच्या सहली कॅसिनोत आणण्याचा, धंदा बहरला. न्यूयॉर्कचा ‘बिग जुली’ वाइनट्रॉब विमानं भरभरून खेळाडू लास वेगासच्या ड्यून्स हॉटेलात आणत असे. प्रवास, राहणं, खाणं कॅसिनोच्या खर्चाने. बदल्यात पाहुण्याने ठरावीक रक्कम घेऊन यायचं आणि खेळायचं. आजच्या होस्टचा पूर्वज शोधायचा तर मी पिट बॉसपेक्षा या जंकेटवाल्याकडे बोट दाखवीन. टेबलाशी त्याचा संबंध नव्हता. कुणाची बायको कुठल्या गायकावर फिदा आहे, कोण हरल्यावर चिडतो, कुणाची उधारी वेळेवर फिटते, हे त्याला माहीत असे आणि तेच त्याचं भांडवल होतं. पाहुण्याला तो मित्र वाटे, पण त्याची कमाई कॅसिनोकडून येई, आणि पाहुणा किती खेळतो यावर ती ठरे. होस्टच्या नोकरीतला हा दुहेरीपणा तेव्हापासूनचा आहे.

१९६६ च्या नोव्हेंबरात अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज लास वेगासच्या डेझर्ट इन हॉटेलात उतरला आणि पुढच्या वर्षी त्याने ते विकतच घेतलं. त्याच सुमारास, १९६७ आणि १९६९ मध्ये, नेवाडाने कायदे बदलले. तोवर प्रत्येक भागधारकाला परवाना लागत असल्यामुळे शेअर बाजारातल्या कंपनीला कॅसिनो चालवणं जवळजवळ अशक्य होतं. ती अट सैल झाली आणि हॉटेल कंपन्या आत शिरल्या. त्यांच्यामागून हिशेब तपासणारे आले. कॉम्प हा आता मालकाचा दिलदारपणा राहिला नाही, तो खर्चाच्या वहीतला रकाना झाला.

खरी रेषा आखली गेली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला. न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये फक्त अटलांटिक सिटीपुरता जुगार मान्य केला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७८ च्या मेमध्ये रिसॉर्ट्‌स इंटरनॅशनल उघडलं. नेवाडात काय काय झालं होतं हे कायदा लिहिणाऱ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे त्यांनी टिपेलाही मोकळं सोडलं नाही. डीलरने टिप घ्यावी, पण ती लगेच बंद पेटीत टाकावी आणि सगळ्या डीलरांत वाटून घ्यावी. ज्यांच्याकडे देखरेख आहे किंवा स्वतःच्या अधिकारात निर्णय घ्यायची मुभा आहे, अशांनी ग्राहकाकडून टिप मागूही नये आणि घेऊही नये. इतरांनी मागू नये. मला या रचनेत शहाणपण दिसतं. टिपेचं वाईट-चांगलं त्यांनी ठरवत बसलं नाही, घेणाऱ्याच्या हातात काय सत्ता आहे तेवढं पाहिलं. कॉम्प मंजूर करणारा होस्ट या मोजमापाने डीलरच्या ओळीत बसत नाही. तो पिट बॉसच्या पंगतीतला.

डीलरांची कथा नेमकी उलट्या दिशेने गेली, आणि ती सांगितल्याशिवाय होस्टची समजत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ड्युबरस्टीन खटल्यात भेट कशाला म्हणायचं याचा निकष दिला होता. व्यवसायातल्या ओळखीच्या माणसाला गिऱ्हाइकं सुचवल्याबद्दल ड्युबरस्टीनला कॅडिलॅक गाडी मिळाली होती. त्याने ती भेट मानून तिच्यावर कर भरला नाही. न्यायालय म्हणालं, भेट निरपेक्ष उदारपणातून यावी लागते, आणि ही तशी नव्हती. पुढे लास वेगासच्या ओल्क नावाच्या, क्रॅप्स या फाशांच्या खेळाच्या डीलरने वाद घातला: मी खेळाडूला काही विशेष सेवा देऊच शकत नाही, तो लहरीने किंवा नशिबाच्या समजुतीने चिप फेकतो, मग ती भेट नाही का? खालच्या न्यायालयाला हे पटलं. १९७६ मध्ये अपिलात निकाल फिरला. नियमित येणारी, वाटून घेतली जाणारी, ज्यावर घर चालतं अशी रक्कम म्हणजे उत्पन्नच, असं न्यायालयाने ठरवलं.

गंमत अशी की डीलर खेळाडूसाठी काही करू शकत नाही म्हणूनच त्याची टिप निरुपद्रवी आहे. होस्ट बरंच काही करू शकतो, म्हणून त्याची टिप संशयास्पद. सेवेला बक्षिसी द्यावी, या आपल्या नेहमीच्या तर्काच्या हे अगदी विरुद्ध जातं.

मग यंत्रं आली. १९८० च्या दशकात खेळाडूंची कार्डं निघाली. मशिनमध्ये कार्ड घातलं की प्रत्येक डाव नोंदला जाऊ लागला. हॅराज कंपनीने १९९७ मध्ये आपल्या सगळ्या कॅसिनोंना जोडणारी एकच योजना सुरू केली, आणि १९९८ मध्ये हार्वर्डमधून आलेल्या गॅरी लव्हमन यांनी तिला आकड्यांचं शास्त्र बनवलं. पेन्सिल बोथट झाली. आता होस्टसमोरच्या पडद्यावर अपेक्षित तोट्याचा आकडा असतो, ज्याला तिथे ‘थिओ’ म्हणतात. सरासरी बोली, तासाला किती डाव, किती तास आणि कॅसिनोची त्या खेळातली आघाडी (लावलेल्या पैशातला सरासरी जेवढा भाग कॅसिनोकडे राहतो तो), यांचा तो गुणाकार. समजा, एखादा माणूस ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळावर सरासरी १०० डॉलर लावून तासाला ७० डाव असं चार तास खेळला, आणि कॅसिनोने आघाडी १ टक्का धरली. एकूण बोली २८,००० डॉलर, थिओ २८० डॉलर. त्यातला ३० टक्के भाग कॉम्पच्या रूपाने परत द्यायचं धोरण असेल तर त्याच्या वाट्याला ८४ डॉलर येतात. तो प्रत्यक्षात जिंकला की हरला, याने या गणितात फारसा फरक पडत नाही.

या माणसाने जेवण फुकट मिळालं म्हणून खूश होऊन होस्टला १०० डॉलर दिले, तर त्याने जेवण विकतच घेतलं, वर सोळा डॉलर जास्त मोजले. आणि होस्टने स्वतःच्या पदरचं काही दिलेलं नसतं. खेळाडूचा जो तोटा होईल असं कॅसिनोने धरलंय, त्यातलाच एक तुकडा तो खेळाडूला परत करत असतो. त्याबद्दल होस्टला पगार आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या नावावर नोंदलेल्या खेळाडूंच्या थिओवर बोनसही. हे कळल्यावर त्याचा वाढदिवसाचा फोन थोडा निराळा ऐकू येतो.

या संबंधांची किंमत किती, हे नेवाडातल्याच रीनो शहरातल्या एका खटल्यात दिसलं. अटलांटिस कॅसिनोतली एक होस्ट खेळाडूंची माहिती वहीत उतरवून घेऊन ग्रँड सिएरा या स्पर्धकाकडे गेली आणि जाण्याआधी तिने अटलांटिसच्या संगणकातले काही तपशील बदलून ठेवले. अटलांटिसने दोघांवर दावा लावला. प्रकरण नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वर्षभर १५० मैलांच्या आत कुठल्याही कॅसिनोत काम करायचं नाही ही कराराची अट न्यायालयाने २०१६ मध्ये अवाजवी ठरवली. खेळाडू ज्याला ‘माझा होस्ट’ म्हणतो, त्याच्या दृष्टीने खेळाडूही ‘माझा’ असतो, तो याही अर्थाने.

टिप आणि अधिकार वेगळे ठेवायची रेषा मधूनच पुसटही झाली आहे. २००६ मध्ये विन लास वेगास या कॅसिनोने डीलरांच्या टिपेतला वाटा टेबलांवरच्या पर्यवेक्षकांना द्यायला सुरुवात केली, कारण टिपेमुळे डीलर आपल्या वरिष्ठांपेक्षा जास्त कमावत होते. डीलर चिडले, २००७ मध्ये त्यांनी संघटना आणली, खटले वर्षानुवर्षं चालले. २०१८ मध्ये संघराज्याच्या वेतन कायद्यात दुरुस्ती होऊन कर्मचाऱ्यांच्या टिपेतला हिस्सा व्यवस्थापकांनी आणि पर्यवेक्षकांनी ठेवायचा नाही, असं स्पष्ट झालं.

आज न्यू जर्सीत कायदा आहे. नेवाडात होस्टच्या बाबतीत मुख्यतः कंपनीचे नियम चालतात. १९८८ च्या संघराज्य कायद्याखाली चालणाऱ्या आदिवासी जमातींच्या कॅसिनोंची धोरणं आपापली. रोख रकमेला बहुतेक ठिकाणी नकार असतो. छोटी वस्तू काही ठिकाणी चालते, पण ती वरिष्ठांना कळवावी लागते. होस्टवर दुसरंही ओझं आहे. १९८५ पासून कॅसिनोंना १०,००० डॉलरवरच्या रोख व्यवहारांची माहिती सरकारला द्यावी लागते, आणि पुढे आलेल्या नियमांनुसार संशयास्पद खेळाडूबद्दलही कळवावं लागतं. त्या खेळाडूला सर्वांत जवळून ओळखणारा माणूस त्याच्याच नोटा खिशात घालत असेल, तर तो कळवणार कसा? एमजीएम ग्रँडचे माजी अध्यक्ष स्कॉट सिबेला यांनी जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, तो एका बेकायदा सट्टेबाजाबद्दल असा अहवाल न दिल्याचाच होता.

तेव्हा माझं मत रोखीच्या विरुद्ध आहे. घेतली तर होस्टची नोकरी धोक्यात, नाही घेतली तर दोघेही अवघडतात. द्यायचंच असेल तर आधी सरळ विचारावं, ‘तुमच्याकडे काय चालतं?’ हा प्रश्न होस्टला नवा नसतो. त्याहून त्याला उपयोगी पडतं ते त्याच्या वरिष्ठाला नाव घेऊन लिहिलेलं पत्र. आणि खेळाडू अजून कुणाच्याच नावावर नसेल, तर ‘मला यांच्या नावावर नोंदवा’ असं सांगणं, कारण बोनसचा हिशेब तिथून सुरू होतो. होस्टचा बोनस वाढावा एवढ्यासाठी ठरवलेल्यापेक्षा एक तास जास्त टेबलावर बसणं मात्र कुठल्याही टिपेपेक्षा महाग पडतं.