सरपटणारे प्राणी (सरीसृप) : मुख्य गट

सरपटणारे प्राणी म्हटलं की आधी साप आठवतो, पण या वर्गातले निम्म्याहून जास्त प्राणी चक्क पायांवर चालतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. खरी ओळख म्हणजे खवल्यांची कोरडी त्वचा, फुप्फुसांनी श्वास आणि उन्हावर चालणारं शरीराचं तापमान. आज जिवंत असलेले गण फक्त चार.

कासवांचं कवच म्हणजे पाठीवर घेतलेलं घर वगैरे नाही, कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या असतात, सो कार्टूनमधल्यासारखं कासव त्यातून बाहेर येऊच शकत नाही. दात नसतात, चोच असते. रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, तिथे वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त निघतात आणि गार असेल तर नर.

मगरींचं हृदय चार कप्प्यांचं, आणि दिसायला पालीची थोरली बहीण वाटली तरी मगरीचं जवळचं नातं पक्ष्यांशी आहे! सांगलीला कृष्णेत दिसते ती मगर. आपल्याकडे मगर-सुसर सर्रास एकच समजतात, पण चंबळमधली सुसर म्हणजे घडियाल वेगळी, तिचं तोंड लांब चिंचोळं आणि मोठ्या नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो.

तिसरा गण न्यूझीलंडचा ट्वाटारा. दिसतो सरड्यासारखा पण सरडा नाही, वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा आणि खालची रांग बरोबर त्यांच्या मधे बसते.

बाकी सगळे, म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त जाती, चौथ्या गणात. पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी आणि साप, हो, सगळे एकाच गणात. घोरपडीची जीभ सापासारखीच दुभंगलेली असते, ती हवेतले वासाचे कण गोळा करून टाळूतल्या अवयवाकडे पोचवते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो, पडलेली कात मिळाली तर डोळ्याच्या जागी बघा, छोटी काचेसारखी टिकली दिसेल. घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लंच देते.

कुंडीची माती उकरताना काळपट चकचकीत गांडूळ वळवळलं तर नीट बघा, वळ्या नसतील आणि बारीक जीभ बाहेर येत असेल तर तो वाळा, बिनविषारी साप. यात नर सापडतच नाहीत, मादी नराशिवाय अंडी घालते, म्हणूनच कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पोचलाय, एकटी गेली तरी पुरते.