जामीनदाराची सही ‘नुसती नावाला’ नसते

निपाणीपासून खानापुरापर्यंत पतपेढीच्या बाकावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: “अरे, सही नुसती नावाला. आधी त्याचं घर-शेत विकतील, मग तुझ्याकडे येतील.”

साफ चूक. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी कर्जदाराच्या मागे लागा’ हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयानंही 1968 मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात मान्य केलं नाही. हप्ते थकले की वसुली थेट तुमच्या दारात. कर्जदार बेळगावचा आणि तुम्ही चंदगडचे असलात तरी कायदा दोन्हीकडे तोच. सीमावाद इथं कामाला येत नाही!

मग जामीनदार हवाच कशाला? अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी 1981 च्या निबंधात मुळावर बोट ठेवलं. कोण फेडेल, कोण बुडवेल, हे धनकोला ओळखता येत नाही. व्याज चढवलं तर सरळ माणूस मागे फिरतो आणि ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणारा रांगेत थांबतो. म्हणूनच जादा व्याज द्यायला तयार असलेल्यालाही नकार मिळतो. शेजाऱ्याचा ऊस किती, उधारी किती, हे मॅनेजरपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक, म्हणून तुमची सही हवी. (भिडेपोटी सही करताना नेमकं तेच आपण विसरतो.)

भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क कलम 145 देतं. पावत्या जपा.